लोकर सुटायच्या आत

चैत्रातले ऊन माळावर उतरले तेच थकून उतरले. ना त्यात सोने होते, ना तांबूसपणा. धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखे पांढुरके, जीर्ण, निस्तेज ऊन. ओढ्याची कोरडी वाळू त्याखाली निपचित पडली होती. बाभळींच्या सावल्या बुंध्याशी अंग चोरून बसल्या होत्या. दूर क्षितिजापाशी धुळीची एक रेघ उठत होती, वाकत होती आणि पुन्हा उठायचा कंटाळा करत होती.

ओढ्याच्या काठाला कातडी कमावणाऱ्यांची आळी. एके काळी इथली कुंडे काठोकाठ भरलेली असत: चुन्याची दुधाळ, बाभळीच्या सालीची रक्तश्यामल, हिरड्याची मधुपिंगट. आता कुंडांत पाचोळा होता, पाचोळ्यात सरडे होते, आणि सरड्यांनाही घाई नव्हती. एकच अंगण जागे होते, इरप्पाचे. तेही अर्ध्या डोळ्यांनी.

अंगणात गुळगुळीत ओंडका तिरपा रोवलेला होता आणि त्यावर मेंढ्याचे ओले कातडे पसरले होते. लोकर खाली, मांसाची बाजू वर. ती बाजू निळसर, गुलाबी, शिरांच्या नाजूक जाळ्यांनी रेखलेली, उजाडण्याआधीच्या आभाळासारखी. खाली लोंबणारी लोकर दाट, मऊ, मेघशुभ्र.

हे कातडे बिरू धनगराने आदल्या संध्याकाळी आणले होते. त्याची म्हातारी आई खाटेला खिळली होती. पाठीला जखमा होत्या, आणि गोधडीचा टाकासुद्धा तिला काट्यासारखा टोचत होता. बिरूने कळपातला सर्वांत दाट लोकरीचा मेंढा निवडला, आणि त्याचे कातडे इरप्पाच्या पायाशी ठेवून तो म्हणाला, "आप्पा, आई म्हणती, जल्मभर मेंढरांत निजले, आता शेवटाला मेंढरावर निजव. बाकी काय बी होऊ द्या, लोकर तेवढी राहू द्या."

लोकर राखायची म्हणजे चुना वर्ज्य. चुना केसांची मुळे सैल करतो, आणि इथे तर मुळेच धरून ठेवायची होती. मग उरते ती सुरी. कातड्याला चिकटलेले मांस, चरबी, ओला पापुद्रा, सारे सुरीने तासून काढायचे आणि मग मीठ-तुरटी चोळायची. उशीर झाला तर मांस नासते, नासणे मुळांत उतरते, आणि लोकर झुबक्याझुबक्याने हातात येते. चैत्रात हा उशीर फार दूर नसतो. दिवस मावळेपर्यंत कातडे तासून झाले तर झाले. नाहीतर बिरूचा मेंढा फुकट गेला, आणि म्हातारीची पाठ पुन्हा गोधडीवर.

आणि सकाळीच इरप्पाची सुरी मोडली होती.

दोन मुठींची, चंद्रकोरीसारखी वाकलेली ती सुरी त्याच्या बापाची. घासून घासून पात्याचा कागद झाला होता. मोडताना तिने आवाजही नीट केला नाही. वाळलेली काडी पायाखाली यावी तसे झाले, आणि इरप्पाच्या दोन हातांत दोन तुकडे राहिले.

त्याची मुलगी निलव्वा पाण्याची घागर घेऊन उभी होती. सासर सोडून आल्याला तिला बरीच वर्षे झाली होती. साल कुटणे, पाणी ओतणे, मीठ चोळणे, ओझी वाहणे हे सारे तिचे होते. सुरी तेवढी तिची नव्हती. आळीत सुरी बापाकडून मुलाकडे जाई. इरप्पाला मुलगा नव्हता, म्हणून ती कुठेच गेली नव्हती.

ओढ्यापलीकडे लिंबाखाली घिसाड्यांची गाडी उतरली होती. कुंडांच्या वासामुळे त्या बाजूला दुसरे कुणी उतरत नसे. नवरा बाजाराला गेलेला, जमना घिसाडीण एकटीच भात्यापाशी. निलव्वाने हाक मारली तशी ती सुऱ्यांचे गाठोडे काखोटीला मारून आली आणि अंगणात तिने ते खळकन सोडले.

"बघा मामा. चार हैत. तुमच्या आळीसाठीच ठोकल्या हुत्या, अन् आळीच उठून गेली. सुऱ्या गाडीतच म्हाताऱ्या झाल्या." मग एक पाते उचलून म्हणाली, "ट्रकच्या पाट्याचं लोखंड हाय. ट्रक मेला, पाटा न्हाय मेला."

इरप्पाने पहिली सुरी उचलली. लखलखती, तलवारधारेची, दिसताच भूल पाडणारी. अंगठ्याच्या नखावर तिची धार टेकवली तर ती तिथेच रुतली. त्याने ती खाली ठेवली.

"ही न्हाव्याला दे. हिनं बिरूची दाढी कर म्हणावं."

"करंल की, त्येला गरज हाय," जमना म्हणाली.

तासायच्या सुरीला इतकी धार चालत नाही. मांस सोलत जावे आणि कातडे लागताच तिने आपोआप थांबावे. ती नखावरून घसरावी, पण नखाची ओळख ठेवून घसरावी. फार तीक्ष्ण सुरीला मांस कुठे संपले ते कळत नाही. तिला सगळेच सारखे.

दुसरी सुरी फार वाकलेली. ओंडक्याच्या फुगवट्यावर तिची दोन टोकेच टेकत होती, मध्ये पोकळी.

तिसरी त्याने हातात घेतली आणि त्याचा थकलेला चेहरा क्षणभर सैल झाला. आळीच्या रीतीने त्याने ती छातीशी आडवी धरली. दोन्ही मुठी खांद्यांच्या टोकांशी आल्या. सुरी लांब असेल तर मनगटे उसवतात, आखूड असेल तर सगळा भार पाठीवर येतो. ही मापातली होती. त्याने पात्यावर टिचकी मारून ते कानाशी नेले. जास्त कडक लोखंड किणकिणत राहते, जास्त मऊ लोखंड मुकेच असते. हे एकदा बोलले आणि गप्प झाले.

"हीच," तो म्हणाला.

तो ओंडक्यावर वाकला. कातड्याची मान वर, शेपूट खाली. मानेकडून, जाड बाजूने आरंभ. पातळ पोट सर्वांत शेवटी. त्याने सुरी टेकवली आणि ढकलली.

सुरी अडखळली. जरा सरकली, उडाली, पुन्हा टेकली. तिच्यामागे कातड्यावर लाटा उमटल्या. दुसऱ्या ओढीला मानेपाशी एक चीर पडली, आणि तिच्यातून खालची लोकर डोकावली.

"पाणी चुकलंय हिचं," इरप्पा म्हणाला.

जमनाने वाद घातला नाही. पुन्हा पाणी द्यायला सुरी निखाऱ्यात घातली, लाल केली, पाण्यात बुडवली, परत आणली. पुन्हा लाटा. पुन्हा चीर. मग इरप्पाने दगड मागितला आणि धार लावायला बसला. तासायच्या सुरीला धार लावू नये हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते; तरी तो लावत राहिला, घासत राहिला, आणि घासताना त्याचे ओठ पुटपुटत राहिले. अधिक तीक्ष्ण झालेल्या सुरीने अधिक खोल चीर पाडली.

ऊन कलले. लिंबाची सावली अंगणाच्या कडेला येऊन टेकली. माश्या दाट झाल्या. निलव्वाने कातड्यावर ओंजळीने पाणी शिंपडले, आणि शिंपडता शिंपडता पोटाच्या कडेची लोकर हलकेच ओढून पाहिली. बोटांत थोडे तंतू आले.

"आप्पा, पोटाकडं सुटाय लागली."

इरप्पाने ऐकले आणि सुरी पुन्हा जमनाकडे केली. "अजून एकदा तापव."

"किती येळा जाळू मामा? सुरी काय सासुरवाशीण हाय, घातली आगीत, काढली भाईर?"

जमनाला निलव्वाच्या सासरचे काहीच माहीत नव्हते. निलव्वाने पदराने कपाळ पुसले.

"घाल की," ती शांतपणे म्हणाली. "सासुरवाशीणच असंल तर पळून यील माघारी."

आणि आधी तीच हसली. जमनाही हसली, मग काहीतरी उमजून थांबली. इरप्पा हसला नाही. त्याने सुरी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाला, "धू तिला. घाण बसलीया."

निलव्वाने सुरी धुतली आणि पाणी निथळावे म्हणून दोन्ही मुठींनी समोर धरली.

पात्यावरून परतलेला उन्हाचा एक कवडसा लिंबाच्या बुंध्यावर जाऊन बसला. हाच कवडसा दुपारभर त्या बुंध्यावर नाचत होता, थरथरत होता, खारीसारखा वरखाली पळत होता. इरप्पाने वाकल्या वाकल्या तो पाहिला होता. वाऱ्याने फांद्या हलत असतील असे त्याला वाटले होते. आता तो स्थिर होता. सालीच्या दोन भेगांमध्ये नाण्यासारखा गोल, निश्चल, उजळ.

त्याने हात पुढे केला. निलव्वाने सुरी दिली. कवडसा पुन्हा थरथरू लागला.

इरप्पाने वर पाहिले. लिंबाचे एकही पान हलत नव्हते.

दूर कुठे टिटवी ओरडली आणि तीही थकल्यासारखी मध्येच थांबली. इरप्पाने सुरी जमिनीवर ठेवली आणि आपले दोन्ही तळहात उताणे करून त्यांच्याकडे पाहत राहिला. चुन्याने खाल्लेले, सालीने रंगवलेले, मिठाने चिरलेले ते हात. त्यांना त्याने आजवर कधी विश्रांती दिली नव्हती, आणि त्यांनीही कधी मागितली नव्हती. ते न मागताच निघून चालले होते.

मग तो म्हणाला, "ती चौथी दे."

"ती आखूड हाय मामा. तुमच्या छातीला न्हाय बसायची."

"माझ्या छातीचं कुणी इचारलंय?" आणि मान न वळवता, "निले, हिकडं ये. सरळ उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. इरप्पाने चौथी सुरी तिच्या छातीपुढे आडवी धरली, अंगाला न लावता, दोन बोटांचे अंतर राखून, आपल्या बापाने एका विसरलेल्या सकाळी त्याच्यापुढे धरली होती तशी. डावी मूठ तिच्या खांद्याशी आली. उजवी जरा बाहेर गेली.

"उजवी आत घे," तो जमनाला म्हणाला.

जमनाने टोक तापवले, ऐरणीवर ठेवले आणि घण उचलला. ठण, ठण, ठण. माळावर तेवढाच एक आवाज होता. मूठ वळली, निवली, परत आली. आता ती बरोबर खांद्याशी बसत होती.

"आप्पा, मला येत न्हाई," निलव्वा हळूच म्हणाली.

"लबाड बोलू नको. दुपारी मी आडवा झालो की माझी राहिलेली कड कोण काढतं? मी झोपतो वाटतं?"

तिने खाली पाहिले. मग पदर खोचला आणि ओंडक्यापाशी गेली.

ती मानेपाशी उभी राहिली नाही. तिने कातडे फिरवले आणि पोटाची बाजू वर घेतली. सर्वांत पातळ, सर्वांत हळवी, सर्वांत आधी नासणारी बाजू. नवी सुरी, पहिली ओढ, आणि थेट पोट! इरप्पाच्या ओठांशी शब्द आला. आळीच्या साऱ्या जाणत्यांचा तो शब्द होता: आधी मान. त्याने तो गिळला. लोकर तिथूनच सुटत होती. मान थांबू शकत होती, पोट थांबणार नव्हते.

निलव्वाने श्वास घेतला. सुरी टेकवली. ढकलली.

ओला पापुद्रा वळला, दुमडला, फितीसारखा सुटत खाली आला. त्याच्यामागे कातडे उघडले, कोवळे, मोतिया, निर्व्रण. सुरी थांबायची तिथे थांबली. पुन्हा टेकली. पुन्हा निघाली.

"मनगटानं न्हाई," इरप्पा म्हणाला. "कमरेतनं."

तिने कमरेतून ढकलले. फिती पडत गेल्या, एकीवर एक. पोट झाले, कुशी झाल्या, मग पाठीचा रुंद प्रदेश. मानेवरच्या त्याच्या चिरांपाशी येताच तिने सुरी उचलली, वळसा घातला आणि पलीकडे उतरली. त्या चिरांकडे तिने पाहिलेही नाही, किंवा पाहिले नाही असे दाखवले. सूर्य बाभळींच्या शेंड्यांत अडकला होता तेव्हा तिने सुरी खाली ठेवली, पोटाच्या कडेची लोकर मुठीत धरली आणि ओढली. जोराने ओढली. सुटायचे ते चार तंतू सुटले, बाकीची लोकर जागची हलली नाही.

"धरलं," ती म्हणाली. तेवढेच.

जमनाने मिठाची बुट्टी पुढे सरकवली. निलव्वाने कातडे मीठ-तुरटीने चोळले, आणि मग मानेची एक कड राहिली म्हणून पुन्हा सुरी घेतली.

इरप्पा भिंतीला पाठ लावून बसला. त्याने डोळे मिटले. जन्मभर हा आवाज त्याला हाडांतून ऐकू आला होता. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात, खांद्यातून दातांत. सुरीचा खरा आवाज कसा असतो हे त्याला कधी कळलेच नव्हते. आज तो बाहेरून आला. सर्र, सर्र. ओल्या वाळूवरून कुणी सावकाश चालत यावे तसा. सर्र, सर्र. अंधारू लागलेल्या माळावरून तो येत होता, त्याच्या मिटल्या पापण्यांवरून जात होता, आणि त्याच्या दोन्ही उघड्या तळहातांत, काहीच न मागता, हळूहळू साठत होता.