खडेबाबाची गुळणी

बाबाने त्या माणसाच्या पोटावरून तोंड उचललं, गाल आत ओढले आणि समोरच्या स्टीलच्या ताटात थुंकला. टण् असा आवाज झाला. ताटातल्या लाळेत ज्वारीच्या दाण्याएवढा खडा पडला होता आणि पोटावरचं ओलं फडकं लालभडक झालं होतं. मंठ्याजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं एकदम उठली आणि हात जोडून उभी राहिली. कुणीतरी बाबाच्या नावाने जयजयकार केला. मुतखडा म्हणे तोंडाने ओढून काढला होता, कातडीतून.

बाबाची बायको सोनूबाई हिने तो खडा एका वाटीत धुतला आणि ते पाणी पळीने रांगेतल्या लोकांच्या तळहातावर घातलं. लोक ते प्यायले. माझ्या शेजारी राधेश्याम नावाचे निवृत्त ग्रामसेवक होते, बाबाकडून आधीच खडा काढून घेतलेले. त्यांनी दोनदा हात पुढे केला आणि उरलेला ओलावा टकलावर पुसला.

बाबाचं मूळ नाव मच्छिंद्र, पण सगळे त्याला खडेबाबा म्हणत. अंगावर फक्त धोतर, गुळगुळीत दाढी, तंबाखूने पिवळे पडलेले दात. तोंड मोकळं झालं की त्याची टकळी सुरू होई. "दवाखान्यात चीरफाड, टाके, मंग महिनाभर खाटंवर. इथं चीर न्हाई, टाका न्हाई. मशीनला खडा दिसतो, मला त्याची चव कळती. ह्यो आंबट व्हता, म्हंजी टमाट्याचा. पालकाचा असला की कडू लागतो." लोक माना डोलवत होते. एक बाई सुनेला हळूच म्हणाली, आता टमाटे बंद.

माझं नाव दैवशाला. नाव आईबापांनी ठेवलं, धंदा मी निवडला. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगला होते. ते सोडलं आणि बसस्टँडमागे खोली घेऊन 'दैवशाला डिटेक्टिव्ह' अशी पाटी लावली, कोपऱ्यात स्वतःचा फोटोही छापून घेतला. कामं यायची ती लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का. अशाच एका मुलाच्या मागावर मी स्कूटीवरून थेट घनसावंगीपर्यंत गेले, तेव्हा कळलं की मी ज्याच्या मागे आले तो तसल्याच रंगाचा शर्ट घातलेला बँडवाला आहे. त्याला वाटलं मी लग्नाची तारीख ठरवायला आले. तो फार अदबीने बोलला.

तर अशा माझ्याकडे कौसल्या आली. तिची सासू गिरिजाबाई हिला मुतखडा होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण नवऱ्याने, हरिओमने, आईला खडेबाबाकडे नेलं. बाबाने तिच्या पोटातून खडे काढून हातावर ठेवले. तरी कंबरेतली कळ थांबेना, आता थंडी वाजून ताप येत होता. सासू म्हणे, खडा तर निघाला, आता त्याची मुळी निघून राह्यली. कौसल्या पोलिसांकडेही जाऊन आली होती. त्यांनी विचारलं, जिला त्रास झाला ती तक्रार देते का? ती तर बाबाचा फोटो उशाशी घेऊन झोपत होती.

"ताई, तो खडा कुठून आणतो एवढंच मला दाखवा," कौसल्या म्हणाली. "बाकीचं मी बघते."

म्हणून मी त्या शेडमध्ये उभी होते. मास्क, काळा गॉगल, डोक्यावरून पदर. मला वाटलं, सख्खी बहीणसुद्धा ओळखणार नाही. रांगेतल्या पहिल्याच बाईने विचारलं, "तुमी त्या पाटीवरच्या बाई न्हाई का?"

मी गॉगल काढला आणि डोळे उघडे ठेवले. माझा संशय फडक्यावर होता. प्रसाद म्हणून मी ते लाल फडकं मागून घेतलं आणि शेडमागे जाऊन पिळलं, उलगडलं, शिवण तपासली. काही नव्हतं. हातात अंगठी नाही, अंगात बाही नाही. आणि तोंडाचं म्हणाल तर प्रत्येक रोग्याआधी बाबा पहिल्या ओळीसमोर आ करायचा, जीभ उचलून दाखवायचा, गाल बोटाने ताणायचा. मग सोनूबाईने दिलेल्या तांब्यातल्या पाण्याने गुळणी करायचा आणि कामाला लागायचा. दुसऱ्या खेपेला मी पहिल्या ओळीत बसून त्याच्या तोंडात वाकून पाहिलं. किडके दात आणि तंबाखूचा वास, बाकी काही नाही. मी पुरती हरले होते.

मंठ्यात डॉक्टर अंबरीन यांचा दवाखाना आहे. गिरिजाबाईंचे जुने कागद त्यांनीच पाहिले होते. मी त्यांना लाल फडकं दाखवलं. त्यांनी ते नाकाला लावलं, हळदीच्या डब्यातली चिमूट तळहातावर घेतली आणि पानाच्या चुन्याचं पाणी वर टाकलं. तळहात लाल झाला. बाबा रोग्याच्या पोटावर भंडारा, म्हणजे हळदच, फासायचा आणि वर ओलं फडकं टाकायचा. फडकं चुन्याच्या निवळीत भिजवलेलं असायचं. रक्ताचा प्रश्न मिटला. खड्याचा उरला. मी डॉक्टरांना म्हटलं, माझी सोनोग्राफी करा. दोन्ही किडन्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टर एवढंच म्हणाल्या की लवकर करा, त्या बाईची किडनी जास्त थांबणार नाही.

पुढच्या रविवारी मी रोगी म्हणून चटईवर झोपले. डाव्या कुशीत दुखतं असं सांगितलं. सोनूबाईने माझ्या पोटावर भंडारा फासला, फडकं टाकलं. बाबाने आ केला, लोकांना तोंड दाखवलं, गुळणी केली आणि माझ्यावर वाकला.

ती दोन मिनिटं मी कधी विसरणार नाही. ओले ओठ, फडक्यातून झिरपणारी लाळ, चुप चुप असा आवाज, आणि कुणाला दिसणार नाही असा कंबरेवर फिरणारा त्याचा हात. माझ्याआधी याच चटईवर किती बायका, पोरी झोपल्या असतील आणि घरी जाऊन काहीच बोलल्या नसतील, हे डोक्यात आलं. मी दात आवळून पडून राहिले, कारण मला एक गोष्ट जाणवली होती. त्याने नुसते ओठ टेकवले, ओढायला सुरुवातही केली नव्हती, तेव्हाच फडक्यावरून काहीतरी टणक मला टोचलं होतं. खडा माझ्या पोटातून त्याच्या तोंडात जात नव्हता. तो आधीच त्याच्या तोंडात होता.

बाबा थुंकला, टण् वाजलं. "आठ एमएम," त्याने जाहीर केलं. "वांग्याचा."

मी आडवीच विचार करत होते. तोंड दाखवताना रिकामं होतं, ते मी स्वतः पाहिलेलं. मग वाकेपर्यंत त्याने तोंडात काय घातलं? फक्त पाणी. सगळे तोंड बघायचे ते गुळणीच्या आधी. गुळणीनंतर कुणी बघत नव्हतं, कारण गुळणी म्हणजे स्वच्छता, हे आपणच धरून चाललेलो असतो.

माझ्यानंतर 'मुळी' काढून घ्यायला आलेल्या गिरिजाबाईंचा नंबर होता. हरिओमने आईला दोन्ही हातांनी धरून आणलं, तापाने तिचे ओठ सुकले होते. मी उठता उठता सोबत आलेल्या कौसल्येच्या कानात दोन शब्द सांगितले. बाबाने आ केला, जीभ उचलली. सोनूबाईने तांब्या पुढे केला. तो कौसल्येने मधल्यामध्ये घेतला, सासूसाठी सेवा करते म्हणाली, आणि पदराचा शेव पसरून त्यावर सगळं पाणी सावकाश ओतलं.

पाणी गळून गेलं. पदरावर एक खडा राहिला.

मी सोनोग्राफीचा कागद उघडून दाखवला, माझ्या पोटात कधीच खडा नव्हता हे सांगितलं. मग फडकी भिजवायच्या बादलीतलं पाणी भंडाऱ्याच्या ताटात ओतलं. ताट लाल झालं. बाबा म्हणाला, नास्तिक बाईच्या सावलीने पाणी बाटलं, पाण्याचाच खडा झाला. त्यावरही काही माना डोलल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. राधेश्यामकाका तर माझ्यावरच चिडले. चांगलं चाललेलं का बिघडवता, असं म्हणाले.

हरिओम मात्र त्या पदराकडे बघत राहिला. मग त्याने आईला उचललं आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे चालू लागला. डॉक्टर अंबरीन यांनी आधीच कळवून ठेवलं होतं, त्याप्रमाणे मागून पोलीस आले. या वेळी तक्रार द्यायला मी होते, माझ्या अंगावरच्या त्या हातासकट. ते ऐकून आणखी तीन बायका पुढे आल्या.

गिरिजाबाई वाचल्या, पण एक किडनी गेली. खरा खडा नळीत अडकून बसला होता आणि आत पू झाला होता. आधी आल्या असत्या तर वाचली असती, असं सर्जन म्हणाले. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा हरिओमने मान खाली घालून विचारलं की देव्हाऱ्यात ठेवलेल्या त्या खड्यांचं काय करायचं.

"रस्त्याचं काम चालू हाय ना? तिथं नेऊन टाक," गिरिजाबाई म्हणाल्या. "खडीच हाय ती."

राधेश्यामकाका अजूनही चहाच्या टपरीवर सांगतात की बाकीच्यांचं खोटं असेल, त्यांचा खडा खरा होता. सोनोग्राफी त्यांनी आधीही केली नव्हती, नंतरही नाही. मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदाही सांगणार आहे. तुम्हालाही तेच सांगते. दुखतं तिथला सोनोग्राफीचा फोटो आधी काढा आणि कुणी खडा काढून दिलाच तर नंतर पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघायला फार अक्कल लागत नाही. आणि कुणी तुम्हाला रिकामं तोंड, रिकामा हात, रिकामी झोळी दाखवली, तर तेवढ्यावर नजर काढून घेऊ नका. त्यानंतर तो काय करतो तेही बघा.