ओटीत गेलेली करवंटी

मित्रांनो, मला टेबलावर ठेवलं की मी जराशी डावीकडे कलते. मी एक नारळाची करवंटी आहे. कोकणातल्या एका कारागिराने मला घासून गुळगुळीत केलं आणि खाली तीन पाय बसवले. त्यातला एक आखूड राहिला.

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाजवळ एका गच्चीवर हॉटेल आहे. तिथं प्लॅस्टिकची ताडाची झाडं, लाकडी पोपट आणि वेताचे दिवे आहेत. समुद्रकाठी बसल्यासारखं वाटावं म्हणून ही सगळी धडपड. माऊली नावाचा माणूस तिथं पेयं बनवायचा. कुणाला माझ्यात रम घालून द्यायचा, कुणाला नुसता अननसाचा रस. लोक आधी माझा फोटो काढायचे, मग प्यायचे. मला ते आवडायचं.

एका संध्याकाळी विशाखाने गंगापूरच्या आपल्या आईवडिलांना तिथं जेवायला आणलं. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती.

"ह्यात दारू तर नाय ना रं?" आई सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नाय, आजी. अननस अन् नारळाचं दूध. शपथ."

"नाव काय तुझं?"

"माऊली."

"नाव माऊली, अन् उभा बाटल्यांत!" वडील कडुबा म्हणाले. माऊलीच सगळ्यांत जास्त हसला.

रस सांडू नये म्हणून त्याने मला दोन्ही हातांनी पुढे केलं. नारळ दिसताच सत्यभामाबाईंनी सवयीने पदर पसरला. मग दोन काड्या घालून दोघांनी मिळून तो रस संपवला.

विशाखा हात धुवायला गेली. तेवढ्यात बाईंनी मला पुसलं आणि पदरात बांधलं.

"अगं, हाटेलाचं भांडं हाय ते!"

"भांडं कुठलं? नारळ हाय. पोरानं ओटीत घातला. सवाष्णीनं ओटी परत द्यायची असती व्हय?"

कडुबा उठून जिन्याकडे वळले.

अशी मी गंगापूरला पिठाच्या डब्यात आले. चार भाकरींच्या पिठाला मी दोनदा भरायची. दर रविवारी बाई मला बोटभर खोबरेल तेल चोळायच्या. "कोरडी पडली की तडकती," म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. चूल थांबली. शेजारच्या वच्छलाबाई जेवण पाठवायच्या. मला तेल कुणी लावलं नाही. मी तडकले.

एक दिवस कडुबांनी डबा उघडला. मला हातात घेऊन त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. मग मला पिशवीत घालून थेट त्या गच्चीवर गेले.

"हे तुमचं हाय," ते माऊलीला म्हणाले. "तिनं ओटी समजून नेलं. मी तवाच बोलायला पायजे होतं. आता ती नाय. तिच्यामागं तिला कुणी चोर म्हणू नये, एवढंच."

माऊलीने मला हातात फिरवलं. "मी बघितलं होतं, बाबा. जिना उतरताना पदराची गाठ दिसली. माझी आई बी तशीच गाठ मारती."

"मग बोलला का नाय?"

"ओटीतला नारळ परत मागायचा व्हय?"

त्याने माझ्यात तोच रस ओतला आणि सवयीने दोन काड्या घातल्या. तड्यातून रस गळू लागला. कडुबांनी तड्यावर अंगठा दाबला, दोन्ही काड्या तोंडात धरल्या आणि रस संपवला. माऊलीने मला धुऊन पुन्हा त्यांच्याच पिशवीत ठेवलं.

आता कडुबा स्वतः भाकरी थापतात. पहिली मोडते, दुसरी जाड होते. मी एकदाच भरते. रविवारी ते तड्याला तेल चोळतात. तडा बुजला नाही, पण वाढलाही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाच्या हातची एखादी वस्तू असेल. तिला कपाटात कोरडी पडू देऊ नका. तिला रोजच्या कामाला लावा.