डाव्या बाकांवरची शेरडं

चष्म्याच्या दुकानावर नवी पाटी लागली: ‘रविवारच्या सभेत विसरलेले चष्मे इथे जमा आहेत. आपला ओळखून न्यावा. दुसऱ्याचा लावून बघत बसू नये.’

*

शिंप्याने सहा आठवड्यांत एकही पँट पुरी केली नव्हती. गिऱ्हाईक तगाद्याला आलं की तो पांढऱ्या रुमालांच्या ढिगाकडे बोट दाखवायचा. “आधी देवभक्तांची नाकं पुसून होऊ देत. मग तुमच्या कमरेचं बघू.”

*

डोळ्यांच्या डॉक्टरची नऊ वर्षांपूर्वीची चिठ्ठी: ‘तापानंतर अश्रुग्रंथी कोरड्या. थेंब दिवसातून चार वेळा. कायम.’

*

बेकरीवाला आणि त्याची बायको यांच्यात कुणाचा रुमाल जास्त ओला यावरून जुंपली. शेवटी दोन कपांत पिळून बघायचं ठरलं.

*

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, विसाव्या खाटेवरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई बुधवारी दुपारी तीन वाजता केस विंचरून, कवळी बसवून, दाराकडे कान करून बसायच्या. डोळ्यांनी त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं.

*

या सगळ्याच्या मुळाशी एक माणूस होता आणि त्याचं पाळण्यातलं नाव आता कुणालाच आठवत नव्हतं. सगळे त्याला अश्रूभाऊ म्हणायचे. तीन दिवसांच्या प्रवचनांसाठी आला होता. पाहुणचार अंगी लागला आणि सहा आठवडे हलला नाही. रविवारी सकाळी चर्चच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा उरत नसे. दारात पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकाला घडीचा पांढरा रुमाल मिळे, मधोमध निळ्या दोऱ्याचा क्रूस. मग भाऊ व्यासपीठावर येत, हात पसरत, आणि गिरणीचा पट्टा सुटावा तसे सुटत.

“प्रियजनहो, देवासमोर मोशेने वहाणा काढल्या. तुम्ही निदान चष्मे काढा. देवाला काय काचेआडून बघणार? ठेवा खाली. आता रुमाल उलगडा. क्रूस बरोबर दोन डोळ्यांच्या मध्ये. डोळे उघडे. श्वास आत, खोल, अजून खोल. मेणाचं अंतःकरण असेल तर त्याचं काय होईल?”

“पाणी,” सभागृह एका सुरात.

“आणि दगडाचं?”

“दगडच राहील.”

आणि पाणी होई. आधी पहिल्या बाकावरचा पोस्टमास्तर हुंदका देई, मग त्याची सासू, मग बेकरीवाला, मग साथ पसरावी तसं सगळं सभागृह. लोक रडत, रडताना हसत, एकमेकांच्या गळ्यात पडत, चुकीच्या माणसाच्याही पडत, कारण चष्मे बाकाखाली. वीस वर्षं न बोललेले दोन भाऊ एकदा असे मिठी मारून बसले आणि चष्मे लावल्यावर पुन्हा अबोला धरून उठले. एक मात्र होतं: भाऊंचा स्वतःचा चष्मा कधी नाकावरून उतरला नाही.

सगळ्यांत एकटी कोरडी राहायची ती इस्त्रीवाली.

ती लाँड्री चालवायची, धाकट्या नणंदेला हाताशी घेऊन. भाऊंच्या रुमालाने तिचे डोळे चुरचुरायचे, कपाळाला गार गार वाटायचं, पण थेंब म्हणून निघायचा नाही. पहिल्याच रविवारी तिने भाऊंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली होती. भाऊंनी ती न वाचताच परत दिली. “भगिनी, डॉक्टर डोळा बघतो. मी हृदय बघतो.”

हे एवढ्यावर राहिलं असतं तर तिने सोडूनही दिलं असतं. पण चौथ्या रविवारी भाऊंनी आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांची यादी हातात घेतली; दर बुधवारी हेडबाईंना वाचून दाखवायला ती याच यादीतून जायची. सर्वांत ओल्या रुमालाच्या अकरा जणांच्या छातीवर बिल्ले लावले: सांत्वनसेवक. आणि सहाव्या रविवारी जाहीर केलं, की पुढच्या रविवारपासून बिल्ल्याशिवाय चर्चच्या नावाने कुणी वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही. “कोरड्या विहिरीने तहानलेल्याकडे जाऊ नये.” पाणी फुटेपर्यंत कोरड्यांसाठी एक काम होतं. दारात उभं राहून रुमाल वाटायचे. कोरडी एकच असल्यामुळे ते तिच्याकडे आलं.

नणंद घरी येताना म्हणाली, “वहिनी, जरा मनापासून प्रयत्न करून बघ ना.”

“कशाचा प्रयत्न?”

“रडायचा. काहीतरी वाईट आठव.”

“मघापासून हेच वाईट आठवतेय, की हेडबाई बुधवारी वाट बघत बसतील आणि मी येणार नाही. तरी रडू येत नाही गं. खरंच दगड असेन का मी?”

नणंदेचा स्वतःचा रुमाल आठवड्यागणिक ओला निघत होता, त्यामुळे तिला जरा अवघडल्यासारखं झालं होतं.

सोमवारी भाऊंचा निरोप आणि दोन डबे लाँड्रीत आले. घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे, आत कालचे रुमाल. भाऊंना नवी कल्पना सुचली होती: ओल्या रुमालांच्या माळा करून सभागृहभर टांगायच्या. निरोपात बजावलं होतं, ‘धुवू नयेत. अश्रू धुतले जात नाहीत. फक्त इस्त्री करावी.’

वीस वर्षांच्या धंद्यात तिने न धुतलेल्या कपड्यावर कधी इस्त्री फिरवली नव्हती. पण सांगितलंय ना, मग फिरवली. तापलेली इस्त्री निळ्या क्रूसावर टेकली आणि फस्सकन वाफ उठली.

मागे नणंद चादरींच्या घड्या घालत होती. ती रडायला लागली.

“आता काय झालं?”

“काही नाही गं. कृपा झाली असेल.” नणंदेने नाक ओढलं. “पण मी आत्ता दूधवाल्याचा विचार करत होते. त्याने दुधात किती पाणी घातलं असेल, याचा.”

दुसरा रुमाल. शेजारचा न्हावी सुटे पैसे मागायला डोकावला आणि घळाघळा रडत उभा राहिला. तिसरा रुमाल. शिंपी आला. शिंपी म्हणजे कुठल्याच देवाला न मानणारा. लग्नातसुद्धा हसलेला कुणी पाहिला नव्हता त्याला. तो दारातच थबकला, दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि तो फार रागाने म्हणाला, “हे काय चाललंय? मला काहीही झालेलं नाही.”

इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली. तिच्या कपाळाला तोच ओळखीचा गारवा लागत होता. तिने तिघांकडे पाहिलं. एक दुधाचा हिशेब करत होती, एकाला सुटे हवे होते, एकाला देवच नको होता. आणि तिघांचंही अंतःकरण मेणाचं.

बुधवारी तिने एक रुमाल पिशवीत गुंडाळून वॉर्डात नेला. हेडबाईंनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि झटक्यात लांब धरला.

“पुदिन्याचा अर्क. स्फटिक मिळतात त्याचे, सर्दीच्या मलमात घालतात. शाळेच्या नाटकात आम्ही पोरांच्या डोळ्यांखाली हेच मलम लावायचो, राजा मेला की सगळा दरबार ओक्साबोक्शी रडायचा. प्रेक्षकांपेक्षा राजालाच जास्त रडू यायचं, मेलेला असून.” त्या हसल्या, मग खोकल्या. “कापड कुठून येतं?”

“शिंपी देतो. भाऊ म्हणतात, ते डबा बंद करून त्यावर रात्रभर उपास करतात.”

“उपास करतात की शिंपडतात? नुसतं ओरडून सांगू नकोस, कुणी ऐकणार नाही. रडणाऱ्याला कारण सांगितलं की तो आणखी रडतो. दाखव. आणि दाखवताना एकच गोष्ट बदल, बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे फरक कशाने पडला यावर वाद राहत नाही.” मग त्यांनी उशी सरळ केली. “चल, आता वाच. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथून.”

रविवारी ती डबा घेऊन दारात उभी राहिली. उजवीकडच्या बाकांवर जाणाऱ्यांना तिने भाऊंच्या डब्यातले रुमाल दिले. डावीकडे जाणाऱ्यांना काखेतल्या पिशवीतले, शिंप्याच्या मशीनवरून थेट आलेले; तेच कापड, तोच निळा दोरा, उपास तेवढा न घडलेले. नणंद डावीकडे गेली. बेकरीवाला उजवीकडे, त्याची बायको डावीकडे, कारण कपांच्या निकालापासून ते एका बाकावर बसत नव्हते.

चष्मे खाली. क्रूस दोन डोळ्यांच्या मध्ये. श्वास आत.

उजवी बाजू वेळेवर फुटली. डावी बाजू बसून राहिली. कुणी रुमाल उलटा करून पाहिला, कुणी नाक दाबलं, पोस्टमास्तरच्या सासूने चक्क थुंकी लावण्याचा विचार केला आणि शेजारणीने पाहिल्यावर बोट पदरात पुसलं. देवाने मधल्या वाटेवरून खडूने रेघ ओढावी तसं झालं होतं: पलीकडे पूर, अलीकडे दुष्काळ.

भाऊ क्षणभर गडबडले. पण गडी मुरलेला.

“पाहिलंत? वचन डोळ्यांपुढे पुरं होतंय. न्यायाच्या दिवशी तो मेंढरं उजवीकडे, स्वर्गात काढील आणि शेरडं डावीकडे, अग्नीत. तुमचे हात बघा. हा उजवा, ही मेंढरं. आणि हा डावा,” त्यांनी बोट लांबवलं, “ही शेरडं.”

बेकरीवाला रडता रडता बायकोकडे बघून विजयी मुद्रेने मान हलवू लागला.

इस्त्रीवाली मधल्या वाटेने पुढे आली. तिचा आवाज गिऱ्हाइकाला कपडे मोजून देताना असतो तसा निघाला. “भाऊ, एक करायचं का? सगळ्यांनी समोरच्या बाजूशी रुमाल बदलायचे.”

“भगिनी, ही परीक्षा आहे, खेळ नव्हे.”

“मग परीक्षा पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?” हे बोलले ते या चर्चचे पाळकसाहेब. सहा आठवडे ते मागच्या खुर्चीत बसून होते, तिथे असल्याचं बहुतेकजण विसरले होते.

रुमाल वाटेच्या पलीकडे गेले, पलीकडचे अलीकडे आले. अर्ध्या मिनिटात शेरडांना महापूर आला. नणंद वाहू लागली, सासूबाई वाहू लागल्या, बेकरीवालीने तर नवऱ्याकडे बोट दाखवून रडता रडता हसायला सुरुवात केली. उजवीकडे डोळे लाल होते, पण नवं पाणी येईना.

“सैतानाने रुमालांत हात घातलाय,” भाऊ म्हणाले.

“सैतानाने नाही, मी,” ती म्हणाली. “पिशवीतले शिंप्याकडचे आहेत, कोरे. डब्यातल्यांवर पुदिन्याचा अर्क आहे. सोमवारी इस्त्री लावली तर शिंपीसुद्धा रडला.”

“मला काहीही झालेलं नव्हतं,” दारातून शिंपी म्हणाला.

पाळकसाहेबांनी डबा उचलला, झाकण काढलं, आत डोकावले. बाहेर आले ते भिजून. त्यांनी पिशवीतला एक कोरा रुमाल काढून पुढे धरला. “भाऊ, आता तुम्ही. चष्मा काढून. तुमचं अंतःकरण बघू.”

भाऊंनी रुमाल चेहऱ्यावर धरला. सभागृह वाट बघत राहिलं. कुठेतरी पहिल्यांदा फिस्स झालं, मग एक खोखो, मग सगळं सभागृह दोन्ही बाजूंनी हसू लागलं, आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ज्याला डब्याची गरज पडली नाही. भाऊंना त्याच दुपारी दुसऱ्या गावाहून तातडीचं बोलावणं आलं. निदान ते तसं म्हणाले.

नणंद रुमालाची सुरळी करत वहिनीजवळ आली. “मग मी सहा आठवडे रडले ते सगळं खोटं होतं?”

“तुझं तुला माहीत. पाणी खोटं होतं. त्याखाली काही असेल तर ते कुठे जाणार आहे?”

पाळकसाहेबांनी त्या दिवशी प्रवचन दिलं नाही. एवढंच म्हणाले: “मेंढरांची गोष्ट भाऊंनी अर्धीच सांगितली. पुढे वाचा. तिथे कुणाचे डोळे ओले होते हे विचारलेलंच नाही. आजाऱ्याकडे कोण गेलं, भुकेल्याला कुणी वाढलं, एवढंच विचारलंय. देवाने हृदय दिलं तसं डोकंही दिलंय. एक गहाण टाकून दुसरं शुद्ध होत नाही. उद्या कुणी तुमच्या भक्तीचं माप घ्यायला आला, तर आधी त्याचं माप तपासा. डबा उघडून बघा. वास घ्या. दोनदा करून बघा. याने श्रद्धा मोडत नाही. जी मोडेल ती श्रद्धा नव्हतीच.” आणि त्यांनी भेटीची जुनी यादी खिळ्याला परत लावली. बुधवारी दुपारी, विसावी खाट, इस्त्रीवाली.

वॉर्डाच्या दाराशी भेटायला येणाऱ्यांच्या सह्यांची वही असते. चौथ्या रविवारपासून सातव्या रविवारपर्यंत, बिल्ला मिळालेल्या अकरा जणांपैकी एकाचीही सही तिच्यात नव्हती.