खटका पाडून ऐकला

भोंगा वाजला का न्हाई, ते मीटरला इचारायचं नसतं, माणसाला इचारायचं. बारा वर्षं ह्या धंद्यात हाय, म्हणून सांगतो.

मी सावळाराम, गाव पासली. शाळा सातवीपतोर, तीबी मास्तरांनी ढकलली म्हणून. पुण्याच्या एका ठेकेदाराकडं फायर अलार्म बसवायचं काम करतो. भोर-वेल्ह्याकडचं काम निघालं की ते माझ्या गळ्यात. माझ्याकडं एक शंभरपानी वही हाय. काम झालं की सगळ्यात लांबच्या भोंग्याखाली जे माणूस रोज राबतं, त्याला मी म्हणतो, तुमचं काम चालू द्या, ऐकू आलं की हात वर करा. हात वर झाला की माझ्या वहीत त्याची सही. साहेबाची सही ठेकेदाराच्या कागदावर असती, लांबच्या माणसाची माझ्या वहीत. ठेकेदार हसतो मला. हसू दे.

भोरच्या अलीकडं एक मसाल्याची फॅक्टरी हाय. तिनं औंदा मागच्या अंगाला नवी शेड घातली. पुढं मिरची दळायची, मागं तीस बाया पुड्या भरायच्या. मागं चार भोंगे वाढवायचं काम माझ्याकडं आलं. आता पुढचं अलार्मचं पॅनेल म्हंजी आमच्या पासलीच्या पाण्याच्या टाकीवाणी. टाकीजवळच्या घरात धो धो, आन शेवटच्या घरात नळाला तोंड लावलं तरी नुसती हवा. वायर लांबली, भोंगे वाढले, की शेवटचा भोंगा मांजर रडल्यावाणी वाजतो. मंग मधी दुसरी टाकी बांधायची. आमच्यात तिला बूस्टर म्हणत्यात. लोखंडी डबा, आत दोन बॅटऱ्या, आन त्याला सोताची लाईटची लाईन. पॅनेलनं नुसता इशारा द्यायचा, ताकद ह्या डब्यानं लावायची. लाईट गेली तर बॅटरीवर.

श्रावणात म्या तो डबा बसवला. त्याला लाईन पुढच्या मेन बोर्डावरनं येगळी वढायची असती. दोनशे फूट केबल. केबल आली बी व्हती, स्टोअरमधी नवी गुंडाळी. पर मॅनेजर म्हणले, "सावळाराम, शेड चालू करायचीय. तात्पुरती शेडच्याच बोर्डावरून घ्या ना, केबल नंतर टाकू."

प्रद्युम्न साहेब म्हणत्यात त्यांना. शिकलेला माणूस, बोलायला गोड, चहा पाजल्याबिगर सोडत न्हाई. मी चहा पिलो आन तात्पुरती लाईन घेतली. आपल्याकडं तात्पुरतं म्हंजी काय ते तुमाला ठावं हाय.

शेवटच्या भोंग्याखाली ठकुबाई बसायची. हिर्डोशीची. पंचावन्न-साठ वय, लांब नाक, तोंड मिरचीपरीस तिखट. तिनं हात वर केला. म्या वही पुढं केली, शाईचा डबा उघडला.

"ते काय?" म्हणली.

"अंगठ्याला, मावशी."

"अंगठा तुझ्या साहेबाचा घे. मला सही येती." आन तिनं अशी सही केली की पेनानं पान फाटलं.

ही झाली पहिली गोष्ट. आता दुसरी.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झालं असतील. गुरुवार व्हता, म्हंजी लाईनच्या दुरुस्तीपायी दिवसभर लाईट न्हाई. चार वाजता इम्याच्या कंपनीची मॅडम फॅक्टरी बघायला येणार व्हती, म्हणून साहेबांनी मला सकाळी बोलवून घेतलं. सगळं तपासा आन रिपोर्टवर सही करा, म्हणले. म्या पुढं टेस्टचं बटण दाबलं. पुढचे भोंगे पॅनेलच्या बॅटरीवर कान फाडत वाजले. मी धावत मागं. मागं बाया निवांत मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या. ठकुबाईचा हात मांडीवर.

"मावशी, हात?"

"कशाला? भोंगा वाजल तवा करीन की वर."

चारी भोंगे मुके. म्या डबा उघडला. बॅटऱ्या पार मेलेल्या. कमी झाल्या न्हवत्या, मेलेल्या, पोट फुगलेलं. नव्या बॅटऱ्या तीन महिन्यात कशा मरत्याल?

"ही लाईट रोज कोण बंद करतं?" म्या इचारलं.

"मी," ठकुबाई म्हणली. "सुटताना खटका पाडती, बोर्डाला हात जोडती, मंग घरी जाती."

आन माझ्या डोक्यात उजेड पडला. आवो, माझी आय पासलीला तेच करती. डोंगरातल्या गावात इजेचा भरवसा कुणाला. एकदा का घराभवती ईज पडली, की त्या घरातली बाई जन्मभर मेनचा खटका पाडल्याबिगर दार लावत न्हाई. ठकुबाईच्या सासऱ्याचं घर तसंच जळालेलं, तिनंच सांगितलं. डोंगरातल्या बायांची ही सवय मला ठावी असून म्या इचारलं न्हाई, की शेडला रातच्याला लाईट असती का. रोज संध्याकाळी तिनं खटका पाडला की माझा डबा बॅटरीवर. सकाळी जरा पोट भरायचं, परत उपास. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस उपास, त्यात मेल्या. पुढच्या पॅनेलवर पिवळा दिवा लागून ते कुईकुई करत व्हतं, पर गेटवरच्या वॉचमननं त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली व्हती. झोप लागत न्हाई म्हणला.

लाईट असली की भोंगा वाजणार, म्हणून कुणाला कळलं न्हाई. आन आग लागली की माणूस पहिलं काय करतो? खटका पाडतो. पाडायलाच पायजे. म्हंजी ऐन आगीत तीस बायांच्या डोक्यावर चार भोंगे, आन चारी मुके.

म्या साहेबांना सांगितलं. त्यांनी डोळं मिटलं, उघडलं, आन म्हणले, "म्हणजे त्या बाईमुळे झालं."

"न्हाई साहेब. लाईनमुळं झालं."

"रोज मेन स्विच पाडत होती ना ती? कुणाला विचारून?" त्यांनी तिथल्या तिथं कागद घेतला, मोठ्या अक्षरात लिहिला, आन शेडच्या बोर्डावर चिकटवला. स्विच बंद करणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. मंग माझ्या रिपोर्टवर बी एक ओळ टाईप करून आणली. बॅटरी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे निकामी. खाली ठकुबाईचं नाव, आन त्याखाली माझ्या सहीची जागा.

"आजपासून तिला बसवतो घरी. विम्याच्या मॅडमना दाखवायला काहीतरी कारवाई लागते, सावळाराम. तुमच्यावर पण काही येत नाही यात. करा सही."

खरं सांगतो, एक घटकाभर पेन हातात धरलं. माझ्यावर काय येत न्हाई, हे ऐकायला बरं वाटतं माणसाला. मागं बघितलं तर ठकुबाई दारात. कागद वाचून आलेली.

"साहेब," ती म्हणली, "बावीस वर्षं झाली खटका पाडती मी. हितं, घरी, देवळात. तुमी कामावरनं काढा, पर आज संध्याकाळी बी मी पाडणार. जायच्या आधी पाडीन आन मंग जाईन."

"बघा, ऐकतच नाहीत," साहेब मला म्हणले.

"ती बरोबर करती," मी म्हणलो. "खटका पडला तरी भोंगा वाजला पायजे, त्यासाठीच तर तो डबा. चूक माझी हाय. तात्पुरती लाईन म्या घेतली. तसं लिहा, सही करतो."

"तुमची चूक लिहिली तर आमच्याकडेही बोट येतं."

"येऊ दे की. बोटच हाय."

साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला आन माझ्या हातात दिला. ठेकेदार म्हणला, सावळ्या, शाना हो, सही कर, म्हातारीला दुसरं काम मिळंल. म्या म्हणलं, मंग तुमी या भोरला आन करा, माझं नाव तेवढं खोडा. त्यानं जे ऐकवलं ते हितं सांगण्याजोगं न्हाई. फोन साहेबांना परत दिला आन इचारलं, "स्टोअरची चावी कुणाकडं?"

"कशाला?"

"केबल काढायचीय. श्रावणातली."

"मी परवानगी दिलेली नाही."

"मंग पोलिसाला बोलवा. तवर मी शिडी लावतो."

साहेब आत निघून गेले. चावी टेबलावर राहिली. इसरले का ठेवली, ते अजून कळलं न्हाई मला.

साडेबारा वाजले व्हते. दोनशे फूट केबल, मी एकटा. मी शिडीवर चढलो आन गुंडाळीचं टोक वढलं, तर वढंना. खाली बघतो तर ठकुबाईनं गुंडाळी दोन पायात धरलेली.

"असं वढून पीळ पडल," म्हणली. "आमी देतो. तू ठोक."

तीस बाया उठल्या. हातावर हात देत ती केबल त्यांनी शेडभर धरली, भाताचे भारे हातोहात द्यावेत तशी. पुढं चालली तशी एकेक पट्टी मी भिंतीला ठोकत गेलो. साहेब मधी एकदा आले.

"कामाच्या वेळेत हे काय चाललंय?"

"लाईट न्हाई साहेब," ठकुबाई म्हणली. "पाकिटं चिकटवायचं मशीन बंद. देठं खुडून झाली. रिकामं बसून पगार घ्यायला लाज वाटती."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब परत गेले. मेन बोर्डावर म्या त्या लाईनला येगळा स्विच दिला, लाल रंग मारला, वर पेटीला कुलूप. वेल्ह्याच्या दवाखान्यासाठी दोन बॅटऱ्या माझ्या गाडीला बांधलेल्या व्हत्या, त्या हितं टाकल्या. दवाखान्याला उद्या म्हणून फोन केला, आन सकाळी नव्या घेऊन गेलोबी. वॉचमनची चिकटपट्टी काढून त्याच्याच टेबलावर लावली.

चारला मॅडम आली. शेफाली म्हणून, तरणी पोर, पायात बूट. सगळं फिरली, मंग म्हणली, "रिपोर्ट?"

साहेबांनी टाईप केलेला कागद पुढं केला. सहीची जागा मोकळी.

"सही का नाही?"

मंग म्या तो कागद घेतला, ती ओळ खोडली, आन खाली माझ्या हातानं लिहिलं. शुद्धलेखन ऱ्हाऊ द्या, पर समजत व्हतं. बूस्टरची लाईन चुकीच्या बोर्डावरनं घेतली व्हती, ती म्या घेतली. आज बदलली. कामगाराची चूक न्हाई. सावळाराम.

मॅडमनं वाचलं. साहेबांकडं बघितलं. "हे खरं आहे?"

साहेबांनी बोर्डाकडं नजर वळवली. मंग म्हणले, "केबल स्टोअरमध्येच होती." एवढंच. पर तेवढं बी त्यांना जड गेलं, ते दिसलं मला.

मॅडम म्हणली, वाजवून दाखवा. मी म्हणलो, "मॅडम, दाखवतो, पर सहाला. लाईट आल्यावर. ही बाई घरी जायच्या टायमाला."

"आत्ता लाईट नाहीये, बॅटरीवर आत्ताच दिसेल की."

"बॅटरीवर वाजल, मला ठावं हाय. मला लाईन बघायचीय."

मॅडमनं घड्याळ बघितलं, आन स्टूल वढून बसली. शेंगदाण्याची पुडी दिली कुणीतरी, ती खाल्ली.

पाच वाजता लाईट आली. मशीन चालू झालं, बाया हात चालवायला लागल्या. सहाला भोंगा न्हवं, साधी घंटा झाली. बायांनी पिशव्या उचलल्या. ठकुबाई बोर्डापाशी गेली. कागद अजून तिथंच.

"सावळाराम, काय लिवलंय रं?"

"तुमाला वाचता येतंय की मावशी."

"मला येतंय. ह्यांना ऐकव."

म्या मोठ्यांदा वाचला. स्विच बंद करणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. साहेब दारातच उभे. ठकुबाईनं खटका धरला आन पाडला. खाड्. शेड अंधारली, मशीन थांबलं, पंखं गरगरत हळू झालं. तिनं बोर्डाला हात जोडले. आन मागं भिंतीवर, डब्यावर, लाईन चालू असल्याचा हिरवा दिवा जळत व्हता. कोपऱ्यात कुणीतरी इस्तवावर राख सारून ठेवावी तसा, बारीक, पर जिता.

"ह्यो का गेला न्हाई?" ती म्हणली.

"त्याला तुमचा खटका लागत न्हाई आता."

म्या वॉचमनला शिट्टी मारली. त्यानं पुढं बटण दाबलं. चारी भोंगे एकदम सुटले, पत्र्यावरची धूळ खाली आली, मॅडमनं कानावर हात ठेवले. ठकुबाईनं न्हाई ठेवले. तिनं हात वर केला, सरळ, आन भोंगा बंद हुईपतोर खाली घेतला न्हाई.

साहेब पुढं आले. काय बोलत्यात म्हणून समद्या थांबल्या. त्यांनी तो कागद बोर्डावरनं काढला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला, आन पार्किंगकडं गेले.

त्या फॅक्टरीत आता मला पाठवत न्हाईत. ठेकेदारानं दुसरा माणूस दिलाय, चांगला हाय, पर वही ठेवत न्हाई. ठकुबाई अजून तिथंच बसती, शेवटच्या भोंग्याखाली. मागल्या बाजारी भोरला भेटली, म्हणली हिरवा दिवा बघून निघती रोज.

त्या दिवशीचं पान माझ्या वहीत हाय. फाटलं न्हाई ह्या खेपेला, पर दाब तसाच. तिची सही, आन सहीखाली, म्या न सांगता, तिनं एक ओळ लिहिलीया. खटका पाडून ऐकला.