पहिल्या पगाराचा अल्बम

दुकानदाराने चिमट्याने कासवाचं चित्र असलेलं नाणं ओढलं, तर ते अल्बमच्या कप्प्याला चिकटून बसलेलं. सुटताना हिरवट तार आली.

"किती वर्षं आहे हे यात?" त्याने विचारलं.

"एकोणीस," आई म्हणाली. "हिनंच दिलाय अल्बम बाबांना. पहिल्या पगारातून."

मुलगी प्रयोगशाळेत रसायनं तपासायची. तिने कप्प्यातल्या हिरवट चिकट्याला बोटं लावून हुंगली आणि तिला कळलं. मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं आम्ल सोडत राहतं. चांदीतलं तांबं हिरवं पडतं. पुढच्या पानावर जहाज, मग पोपट, देवमासा. नकाशावर टाचणीच्या टोकाएवढ्या बेटांनी संग्राहकांसाठी काढलेली नाणी. बाबांनी पत्रं पाठवून एकेक मागवलेलं.

"चांदीच्या भावाने घेईन, मोड म्हणून," दुकानदार म्हणाला. "मूळच्या गोल डब्यांत राहू दिली असती, तर गोष्ट वेगळी होती."

"मग यांचं ऑपरेशन?" आईने त्यालाच विचारलं.

तो भिंग पुसू लागला.

"आणि तिकडे दवाखान्यात हा माणूस आठवडाभर एकच धोशा लावून बसलाय, नाणी विकायची नाहीत! जिवापेक्षा चांदी प्यारी. शेवटी न विचारता उचलून आणली."

मुलगी शेवटच्या पानावर थांबली होती. तिथलं एक नाणं कुणीतरी घासलं होतं. कडेला कापसाचे धागे अडकले होते. आठेक वर्षांपूर्वी बाबांनी फोनवर विचारलं होतं, "हिरवा डाग कशानं जातो गं?"

"कशावरचा?"

"असंच. नळावरचा."

"यासाठी शिकवलंत होय मला!" ती हसली होती, आणि लिंबू चोळा म्हणाली होती.

तिने अल्बम मिटला.

दवाखान्यात बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पिशवीतून डोकावणारी अल्बमची कड त्यांना दिसली. मग त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर आली आणि तिथून हलेना.

"दुकान बंद होतं, बाबा," ती म्हणाली. "अल्बम उघडलासुद्धा नाही."

आई बोलणार होती. मुलीने तिचं मनगट दाबलं.

बाबांनी डोळे मिटले. जरा वेळाने चादरीवरून चाचपत हात पुढे केला. तिने डावा दिला. उजव्याची बोटं अजून हिरवट होती.