चंद्रोदयाची वेळ

"हलू नको गं, भुवई जाईल," सीमा दातांतला दोरा न सोडता म्हणाली.

आसावरीनं पापणीवरची कातडी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "त्याला पैसे दिले तर थांबेल का गं तो?"

दोरा थांबला.

डेव्हन ॲव्हेन्यूवर, परदेशातल्या देशी बाजारात, साड्यांच्या दुकानामागे सीमाचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. सीमा इंदूरची. नवरा गेल्यावर तिनं काही वर्षं कॅमेऱ्यासमोर बसून, अनोळखी पुरुषांना अंग दाखवून घर ओढलं होतं. आसावरीला त्या कामाची वाट तिनंच दाखवली. घटस्फोटानंतर किराणा दुकानाच्या काउंटरवर उभं राहून शॉमबर्ग उपनगरातल्या घराचं भाडं निघेना. शॉमबर्ग सोडावं तर लेकीची, अनिकाची शाळा सुटणार, आणि शाळा सुटली की मुलीचा ताबा मागायला आधीचा नवरा राजीव दुसऱ्या राज्यात, नोव्हायमध्ये, टपलेलाच होता. मग अनिका शाळेत गेली की आसावरी दार लावायची, पडदे ओढायची आणि त्रिनिदादची रूबी होऊन कॅमेऱ्यासमोर बसायची.

सीमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, चेहरा ओठांच्या वर दाखवायचा नाही. खिडकी दाखवायची नाही. पैसे त्या कामाच्या वेबसाइटमधूनच घ्यायचे. आणि साइटच्या बाहेर कुणाशी बोलायचं नाही, प्रत्यक्ष रामराया आला तरी.

आसावरीनं हे व्रतासारखं पाळलं. कुणी जास्त रकमेचा खोटा चेक पाठवून वरचे पैसे परत मागायचा, कुणी एजंट म्हणवून आधी फी भरायला सांगायचा, कुणाला 'व्हेरिफिकेशन'साठी पासपोर्टचा फोटो हवा असायचा. सगळ्यांना तिनं वेशीवरूनच परत धाडलं होतं.

फक्त संकष्टीला ती बसत नसे. त्या दिवशी सकाळी न्हाऊन ती लॅपटॉपवर धुतलेला पंचा घालायची, तो दुसऱ्या दिवशीच काढायची. देवाला तिनं फार काही मागितलं नव्हतं. महिन्यातला एक दिवस तरी अंग आपलं असावं, एवढंच.

"दाखव काय लिहिलंय मेल्यानं," सीमा म्हणाली.

आसावरीनं फोन पुढे केला. दोन चित्रं शेजारीशेजारी. एकात रूबीची हनुवटी आणि गळ्यावरचा तीळ. दुसऱ्यात हिरव्या इरकलीतली आसावरी, कपाळाला कुंकू, तोच तीळ. खाली मराठीत लिहिलं होतं, 'सोमवारपर्यंत गिफ्ट कार्डं पाठवा. नाहीतर राजीवसाहेबांना आणि तुमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पाठवतो. मुलगी गोड आहे तुमची.'

"चेहरा कुठून मिळाला त्याला?"

"मीच दाखवला."

सीमा समोरच्या स्टुलावर बसली. "का?"

काय सांगणार? एका संकष्टीला फोनवर साइटवरचा निरोप आला होता, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'आज उपास ना? दर महिन्याला याच दिवशी गायब असता. माझी आईही करते.' नाव मोरेश्वर. आसावरी कितीतरी वेळ ती ओळ बघत राहिली. जेवलीस का, असं या देशात तिला कुणी विचारून बरेच दिवस झाले होते. तिनं लिहिलं, 'अजून नाही. आमच्याकडे चंद्र उशिरा आहे आज.' आणि पुढे वेळही लिहिली. प्रत्येक शहराचा चंद्रोदय पंचांगात वेगळा असतो, वेळ सांगणं म्हणजे जवळजवळ गावच सांगणं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मग पुढच्या संकष्टीला पुन्हा चौकशी. मग गप्पा. मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक तीच करते, हे तिनं कौतुकानं सांगितलं. एकदा तो म्हणाला, बाप्पाचं दर्शन द्या ना, मला इथे कुठलं देऊळ? तिनं स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ लावला. निरांजन, जास्वंद, नैवेद्याचं पान. तो म्हणाला, 'आणि नैवेद्य करणारीचं दर्शन?' तिनं फोन वळवला. अंगभर कपड्यांत तिला त्यानं तेवढंच एकदा पाहिलं. पुढे मंडळाच्या पेजवरच्या फोटोंत तिचं नाव, आणि नावावरून राजीव शोधायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"मराठी माणूस होता गं," आसावरी म्हणाली. "सोवळ्याओवळ्याचं कळत होतं त्याला."

"असल्या फसवणुकीसाठी एका खोलीत दहा पोरं बसवलेली असतात बाई. तमिळ बाईला तमिळ पोरगा, तुला मराठीवाला. तुझ्या वाट्याला आरती येणारा आला." सीमाचा आवाज उतरला. "पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिलेस की रतीब लागला समज. मेसेजचे फोटो काढून ठेव, साइटला कळव, पोलिसांत रिपोर्ट दे, मग ब्लॉक."

"आणि राजीव?"

"तूच सांग. त्या मेल्याच्या हातात एकच दगड आहे. तो तूच उचलून टाक."

आसावरी गाडीत जाऊन बसली. एक भुवई कोरलेली, एक तशीच. तिनं राजीवला फोन लावला आणि सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. पलीकडे ऑफिसातल्या कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"अनिकाला माहितीये?" त्यानं शेवटी विचारलं.

"नाही. ती घरात असताना कधीच नाही."

"मी कोर्टात जाऊ शकतो, यू नो दॅट."

"म्हणूनच मी सांगतेय. दुसऱ्याकडून कळायच्या आधी."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नाही जाणार. कोर्टात फाइल झालं की सगळीकडे बोभाटा होतो. माझं आडनाव अजून लागतं ना तुझ्यामागे. इथे लोकांना काय सांगू मी?"

त्याच्या अब्रूनं तिची मुलगी वाचवली. 'थँक यू' म्हणताना आसावरीच्या तोंडाला कडू चव आली, सकाळपासून पोटात काही नसल्यासारखी.

पैसे गेले नाहीत. सोमवार उलटला. त्या आठवड्यात मंडळाच्या नंदाकाकूंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा गोड.

"अगं, या वर्षी मोदक केटररकडूनच मागवतोय. तुला कशाला उगीच त्रास?"

"त्रास कसला काकू, दरवर्षीच तर..."

"नको गं. तू आराम कर."

फोटो ग्रुपवर पोचले, हे आसावरीला कळलं.

"तो नव्या नावानं परत येईल," सीमानं बजावलं. "तुझी खूण काय ठाऊक आहे त्यांना? तुझी सुट्टी. या संकष्टीला बस. आणि कॅमेऱ्यासमोर काहीतरी खा, म्हणजे कुणाला उपासाचे दिवस मोजता यायचे नाहीत."

संकष्टीला आसावरी न्हायली. पूजा केली. अनिका बसमध्ये चढल्यावर तिनं लॅपटॉपवरचा पंचा उचलला, चार घड्या घालून कपाटात ठेवला आणि रूबी होऊन बसली. टोस्टचा तुकडा ओठांपर्यंत नेला. कॅमेऱ्यात ओठच तर दिसत होते. तिनं चावला, गिळला आणि हसली. स्क्रीनवर कुणीतरी लिहिलं, 'यम्मी.'

संध्याकाळी तिनं मोदक केले. अनिका बाल्कनीच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी होती.

"आई, मून आला! नाउ यू कॅन ईट."

आसावरीनं चंद्राला अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि मोदकावर तूप घालून पान लेकीपुढे ठेवलं.

"तू?"

"तू घे बाळा. माझं जेवण झालंय."