मी मोजलेले रुंद चेहरे

मित्रांनो, प्रयोगशाळेतल्या कपाटात खालच्या फळीवर जो जुना कॅलिपर पडलेला दिसतो ना, तो मी. कॅलिपर म्हणजे दोन वाकड्या पायांचा स्टीलचा चिमटाच म्हणा. माझी बोथट टोकं माणसाच्या दोन्ही गालांच्या हाडांना टेकवायची आणि मधल्या पट्टीवर चेहऱ्याची रुंदी वाचायची. वरच्या फळीवर मखमली आवरणात बसला आहे तो कॅमेरा. त्याचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश येऊ.

माझी मालकीण म्हणजे आमच्या बाई. माणसांची नाकं, कपाळं, हनुवट्या अशा वेगवेगळ्या का असतात आणि आईवडिलांकडून आलेली कोणती जनुकं त्यांना घडवतात, याचा त्या शोध घेतात. बाळाचं नाक कोणावर गेलं हे आत्या आणि मावशी भांडून ठरवतात, बाई मोजून ठरवतात, एवढाच फरक. प्रत्येकाची थोडी थुंकी नळीत घ्यायची, त्यातून जनुकं तपासायची, आणि चेहरा मात्र माझ्याकडून मोजून घ्यायचा. वीस वर्षं मी त्यांच्या पर्समध्ये चष्म्याशेजारी राहिलो. आजोबांचे गाल मोजले, पुढे त्यांच्या नातवंडांचेही मोजले. माझी गार टोकं लागली की पोरं खुदकन हसायची. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हा माझा उजवा हात आहे." मी नुसता फुलून जायचो.

मग तो आला. त्याच्यासाठी कपाटातली वरची फळी, कामाला वेगळी खोली, थंड हवा, पुसायला मऊ फडकं. मला बाई हाताला लागेल त्या रुमालाने पुसायच्या. तो माणसाला हातही न लावता क्षणात अख्ख्या चेहऱ्याचे हजारो बिंदू टिपायचा. त्याच्यासमोर बसताना लोक केस नीट करायचे. माझ्यासाठी वीस वर्षांत एकानेही केस नीट केले नव्हते. मी त्याला पाण्यात पाहू लागलो. वीज गेली की मला बरं वाटायचं.

तेव्हा बाई किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या लोकांच्या चेहऱ्यांची तुलना करत होत्या. किनाऱ्यावरच्यांना आम्ही दोघांनीही मोजलं आणि आमची मापं जुळली. डोंगरात मात्र तो अवजड म्हणून मलाच नेलं. आनंदाने मी हुरळलो होतो. वाटेत बस बदलताना बाईंच्या पर्समधून निसटून मी दगडी पायरीवर पडलो. बाईंनी मला पुसलं, फुंकर घातली आणि परत ठेवून दिलं. एक पाय जरासा दुखत होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

डोंगरातले सगळे चेहरे रुंद निघाले. आकडेमोड करणाऱ्या काकांना त्या लोकांत जास्त आढळणारं एक जनुकही सापडलं, आणि रुंद गालांशी ते छान जुळलं. बाई लेख लिहायला बसल्या. छापण्याआधी खात्री करावी म्हणून डोंगरातल्या शाळेच्या शिक्षिका त्याच लोकांना घेऊन प्रयोगशाळेत आल्या आणि कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे टिपले.

काका म्हणाले, "बाई, कॅमेऱ्याच्या मापात हे लोक किनाऱ्यावरच्यांसारखेच आहेत. कॅलिपरची मापं सरसकट तीन मिलिमीटर जास्त येतायत."

"कॅमेरा वरची कातडी बघतो. हा हाडापर्यंत जातो," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत याने मला एकदाही फसवलं नाही. कॅमेराच चुकतोय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं याहून गोड वाक्य नाही. वरच्या फळीवाल्याचं नाक चांगलंच कापलं गेलं होतं.

तेवढ्यात शिक्षिका हात जोडून हळूच म्हणाल्या, "शहरात शिकायला गेलेल्या आमच्या पोरांना आधीच ताटतोंडे म्हणतात, बाई. तुम्ही छापलंत की ती शास्त्राने सिद्ध झालेली ताटतोंडे होतील. तेवढं एकदा नीट बघा."

बाईंनी मला उचललं आणि माझी टोकं एकमेकांना टेकवली. पट्टी शून्यावर यायला हवी होती. ती तीनवर थांबली.

"हा पडला होता," बाई म्हणाल्या. "मी पुसून ठेवून दिला."

काका म्हणाले, "कॅलिपर बिघडला होता, असं लिहून टाकू."

"नाही. मी तपासला नाही, असं लिहा."

ते जनुक गालांशी जुळलंच नव्हतं. ते माझ्या वाकलेल्या पायाशी जुळलं होतं.

आता मी या फळीवर असतो. मित्रांनो, आवडत्या वस्तूला जपा, पण नुसतं पुसून ठेवू नका. ती पडली तर तिला काय झालं ते बघा, आणि तिने दुसऱ्याबद्दल काही सांगितलं तर आधी तिलाच तपासा.

तुम्हाला वाटेल, वस्तूला वाचा नसते, म्हणून बिचारा गप्प राहिला. खरं सांगतो. शिक्षिका हात जोडून उभ्या होत्या तेव्हा मला वाचा असती, तरी मी बोललो नसतो. कॅमेरा खोटा ठरत होता ना.